हेडस्पेस म्हणजे काय? रायफलमधली केसभर फट आणि ती मोजण्याची रीत

टेबलावर एआर-१५ रायफलीचा वरचा अर्धा भाग, म्हणजे ‘अप्पर’, जोडून दाखवणारे अमेरिकन व्हिडिओ हल्ली हदगावच्या मोबाईलवरही सहज येऊन पडतात. नळी बसवली, बोल्ट सरकवला, झालं. मग तो माणूस खिशातून बोटाच्या पेरासारखा एक गुळगुळीत पोलादी तुकडा काढतो, नळीत घालतो, बोल्ट बंद करून पाहतो. तो बंद होतो. दुसरा तुकडा घालतो. आता बोल्ट बंद होत नाही, आणि तो खूश होतो. बंद न झाल्याबद्दल खूश का व्हायचं, हे व्हिडिओत बहुतेक वेळा कुणी सांगत नाही.

त्या दोन तुकड्यांनी त्याने मोजलं ते हेडस्पेस. या नावाचं ध्यानधारणेचं एक ॲपही आहे आणि लोणच्याच्या बरणीत वर सोडतात त्या रिकाम्या जागेलाही इंग्रजीत हाच शब्द वापरतात, त्यामुळे सर्च केलं की भलतंच काही पुढे येतं. बंदुकीच्या बाबतीत मात्र या शब्दाचा अर्थ नेमका आहे, आणि त्यातली चूक मिलिमीटरच्या दहाव्या भागात मोजली जाते.

भारतात असा अप्पर घरी जोडणं हा गंभीर गुन्हा आहे. त्याचा तपशील पुढे येतोच. पण हेडस्पेस हा प्रश्न फक्त अमेरिकेतल्या हौशी लोकांचा नाही. परवान्याची रायफल घरात असलेलं कुटुंब, निवडणुकीआधी ठाण्यात जमा होणाऱ्या बंदुका, रात्री पिकाची जागल करणारा शेतकरी, पोलिसांची जुनी थ्री-नॉट-थ्री, या सगळ्यांशी त्याचा संबंध येतो.

काडतूस नळीत कुठे अडतं?

काडतूस म्हणजे पितळेची पुंगळी, तिच्या बुडाला टोपी (प्राइमर), आत दारू आणि तोंडाशी गोळी. ते नळीच्या मागच्या रुंद भागात, म्हणजे चेंबरमध्ये जातं. पुढे सरकत सरकत ते कुठेतरी अडलं पाहिजे, नाहीतर आतच घुसत राहील. मागून बोल्ट येऊन त्याच्या बुडाला टेकतो. काडतूस जिथे अडतं ती जागा आणि बंद बोल्टचा पुढचा पृष्ठभाग, या दोहोंमधलं अंतर म्हणजे हेडस्पेस.

काडतूस कुठे अडतं हे त्याच्या आकारावर ठरतं. थ्री-नॉट-थ्रीच्या काडतुसाला बुडाशी बाहेर आलेली कड असते, बाटलीच्या बुचासारखी. ती कडच नळीच्या मागच्या तोंडावर अडते. बाराबोरच्या काडतुसाचंही तसंच, आणि नेमबाजीतल्या पॉइंट २२ चंही. स्वप्नील कुसाळे यांनी २०२४ च्या पॅरिस ऑलिंपिकमध्ये ५० मीटर थ्री पोझिशन प्रकारात कांस्यपदक मिळवलं, ते याच पॉइंट २२ मापाच्या रायफलीवर. त्या काडतुसाची कड जेमतेम १ मिलिमीटर जाड असते. या खेळातले काही जण काडतुसं कडेच्या जाडीनुसार वेगळी काढून ठेवतात, कारण ती जाडी सारखी असली की कडेवरचा पिनचा घावही सारखा पडतो, असं त्यांचं म्हणणं.

५.५६ किंवा ७.६२ नाटो मापाच्या काडतुसाला बाहेर येणारी कड नसते. ते बाटलीसारखं खांद्यावर निमुळतं होतं आणि त्या खांद्यावरच अडतं. ९ मिलिमीटर पिस्तुलाच्या काडतुसाला कडही नाही, खांदाही नाही, म्हणून ते पुंगळीच्या तोंडावर अडतं.

ठासणीच्या बंदुकीला हेडस्पेस नसतं, कारण तिला काडतूसच नसतं. दारू आणि छरे तोंडाकडून ठासायचे, मागची बाजू कायमची बंद. कोकणापासून किनवटच्या जंगलपट्ट्यापर्यंत एकेकाळी हीच बंदूक ओळखीची होती. तिचे धोके वेगळे, आणि तेही कमी नाहीत.

फट जास्त झाली तर काय होतं?

घोडा ओढला की पिन टोपीवर आदळते आणि काडतुसाला पुढे ढकलते. दारू पेटते. दाब वाढतो तशी पुंगळीची पातळ भिंत फुगून चेंबरला घट्ट चिकटते. बूड मात्र जाड असतं, ते चिकटत नाही. दाब त्याला मागे ढकलतो, ते बोल्टवर जाऊन आदळेपर्यंत. बूड आणि बोल्ट यांच्यात फट जेवढी, तेवढं पितळ ताणलं जातं. भिंत पुढे चिकटलेली, बूड मागे निघालेलं, आणि ताण सगळा मधल्या एका अरुंद पट्ट्यावर.

पितळ लवचीक धातू आहे, थोडा ताण ते सोसतं. मर्यादेबाहेर गेलं की बुडापासून साधारण सेंटिमीटरभर वर ते फाटतं. फाटलं की तापलेला वायू मागे येतो. मागे म्हणजे जिथे नेम धरणाऱ्याचा गाल आणि डोळा असतो तिथे.

हा दाब किती असतो? ७.६२ मापाच्या काडतुसासाठी युरोपीय मानकात कमाल मर्यादा सुमारे ४,१५० बार आहे. कुकरची शिट्टी होते तेव्हा आतला दाब बाहेरच्यापेक्षा साधारण १ बारने जास्त असतो. मोटारीच्या टायरमध्ये सव्वादोन बार. म्हणजे टायरच्या जवळपास साडेअठराशे पट, तोही डोळ्यांपासून वीतभर अंतरावर. बोल्ट आणि नळी चांगल्या पोलादाची असतात, ती सोसतात. वायूला खरा अडसर असतो तो पुंगळीच्या पातळ पितळेचाच.

फट कमी असली तरी धड नाही. मग काडतूस पूर्ण बसत नाही, बोल्ट जोर लावून बंद करावा लागतो किंवा अर्धवट बंद राहतो. अर्धवट बंद बोल्टवर टोपी पेटली तर परिणाम आणखी वाईट असतात. सुदैवाने ही चूक लगेच जाणवते. जास्त फट लपून राहते. बंदूक उडते, आवाज नेहमीसारखा येतो, गोळी लागते, आणि शंभरावी किंवा दोनशेवी पुंगळी फाटते.

लपलेली फट कधीकधी रिकाम्या पुंगळीवर दिसते. बुडाच्या थोडं वर चकचकीत वर्तुळाकार रेघ, टोपी बाहेर आलेली, किंवा पुंगळीचा पुढचा अर्धा भाग चेंबरमध्येच अडकलेला. शेवटचा प्रकार लष्करात इतका परिचयाचा होता की तुटकी पुंगळी बाहेर काढायचं खास हत्यार मशीनगनच्या सामानात असायचं. यातलं काहीही दिसलं तर ती बंदूक पुन्हा उडवायची नाही, कवायतीपुरतीसुद्धा नाही.

गेज: ‘गो’, ‘नो-गो’ आणि ‘फील्ड’

हेडस्पेस डोळ्यांनी दिसत नाही, पट्टीने मोजता येत नाही. त्यासाठी काडतुसाच्या आकाराचे, पण अत्यंत काटेकोर घासलेले पोलादी गेज असतात.

‘गो’ गेज किमान माप. ते घातल्यावर बोल्ट सहज बंद झालाच पाहिजे. ‘नो-गो’ थोडं लांब, त्यावर बोल्ट बंद होता कामा नये. व्हिडिओतला माणूस खूश झाला तो यासाठी. ‘फील्ड’ त्याहून लांब. वापरून झिजलेल्या बंदुकीवर नो-गो जाऊ शकतं, पण फील्डवरही बोल्ट बंद झाला तर ती बंदूक वापरातून काढायची.

एआर-१५ च्या पॉइंट २२३ मापासाठी अमेरिकेतल्या काडतूस-उत्पादकांच्या ‘सामी’ या १९२६ साली स्थापन झालेल्या संस्थेच्या मोजणीनुसार गो गेज ३७.१८ मिलिमीटर असतं, नो-गो साधारण ३७.२५. फरक ०.०८ मिलिमीटरच्या आतला, म्हणजे डोक्याच्या एका केसाएवढा. वहीचा साधा कागदही साधारण एवढाच जाड असतो.

तपासणीची पद्धत साधी वाटते, पण तिच्यात शिस्त आहे. बंदूक रिकामी असल्याची खात्री दोनदा करायची. टेबलावर, खोलीत कुठेही काडतूस नसावं. चेंबर स्वच्छ हवं, कारण काजळीचा थर किंवा तेलाची गाठ केसाएवढ्या मापात सहज गोंधळ घालते. बोल्टमधून पुंगळी ओढणारा आकडा आणि तिला बाहेर फेकणारी स्प्रिंग काढून ठेवायची, नाहीतर स्प्रिंगच्या जोराला गेजचा विरोध समजून चूक होते. मग बोल्ट दोन बोटांच्या हलक्या दाबाने फिरवायचा. जोर लावून गेजवर बोल्ट बंद केला तर गेजही खराब होतं आणि निकालही खोटा येतो.

गेज मिळत नसेल तर काडतुसाच्या बुडाला चिकटपट्टी लावून पाहा, असा एक सल्ला फिरताना दिसतो. तो बाद का, हे आकड्यांतच दिसतं. सामीच्या मापांत पॉइंट २२३ च्या काडतुसालाच बुडापासून खांद्यापर्यंत ३७.०७ ते ३७.२५ मिलिमीटर अशी सूट आहे. म्हणजे दोन चांगल्या काडतुसांत ०.१८ मिलिमीटरचा फरक असू शकतो, गो आणि नो-गो यांच्यातल्या फरकाच्या दुपटीहून जास्त. जी वस्तू स्वतःच एवढी आत-बाहेर होते, ती मोजपट्टी कशी होणार? त्यात चिकटपट्टी दाबली की चपटी होते. शिवाय या प्रकारात चेंबरमध्ये खरं काडतूस जातं, हा वेगळाच धोका.

एका बंदुकीचा बोल्ट दुसऱ्या बंदुकीत

थ्री-नॉट-थ्री, म्हणजे ली-एनफिल्ड. या मापाचं काडतूस ब्रिटिश लष्करात १८८८ साली आलं, आणि त्या घराण्याची रायफल बंगालमधल्या ईशापूरच्या कारखान्यात विसाव्या शतकाच्या सुरुवातीपासून बनत होती. उत्तर प्रदेश पोलिसांनी ती अधिकृतपणे निवृत्त केली ती २०२० च्या प्रजासत्ताक दिनी. इतकी वर्षं ती टिकली त्यामागे तिच्या दुरुस्तीची सोयही होती.

ली-एनफिल्डच्या बोल्टचं डोकं वेगळं निघतं. नंबर ४ या नमुन्यात ही डोकी ०, १, २ आणि ३ अशा क्रमांकांची येत. प्रत्येक पुढचं थोडं लांब. रायफल झिजली, फट वाढली की शस्त्रागारातला आर्मरर गेज लावून बघायचा आणि पुढच्या क्रमांकाचं डोकं बसवायचा. ३ नंबरही पुरेना झाला की रायफल मोठ्या दुरुस्तीला जायची. लष्करी गेजांची मर्यादा ०.०६४ ते ०.०७४ इंच, म्हणजे १.६३ ते १.८८ मिलिमीटर. पाव मिलिमीटरची सूट एआरच्या मानाने उदारच म्हणायची. खंदकात, चिखलात वापरायच्या बंदुकीला ती हवीच होती.

या सोयीतच खोच आहे. प्रत्येक रायफलीचा बोल्ट तिच्याच नळीशी जुळवून बसवलेला असतो, म्हणून बोल्टच्या दांड्यावर रायफलीचा क्रमांक ठोकलेला असतो. साफसफाईला दहा रायफली एकदम उघडल्या आणि बोल्ट इकडचा तिकडे गेला, तर तो बसतो, फिरतो, बंद होतो, दिसायला सगळं ठीक असतं. हेडस्पेस मात्र कुणाला ठाऊक नसतं.

हे पोलिसांपुरतं नाही. भारतात सामान्य नागरिकाला परवान्यावर मिळू शकणारी पॉइंट ३१५ ही रायफल याच ली-एनफिल्डच्या ठेवणीची आहे. ब्रिटिश काळात लष्करी मापाची काडतुसं खासगी हातात राहू नयेत म्हणून नागरिकांसाठी वेगळी मापं चालवली गेली. ऑस्ट्रियातल्या ८ मिलिमीटर मानलिखर काडतुसावर आधारलेलं ३१५ त्यातलंच. थ्री-नॉट-थ्री आजही नागरिकांसाठी प्रतिबंधित माप आहे, ३१५ नाही. या ३१५ ची काडतुसं पुण्याजवळ खडकीच्या दारूगोळा कारखान्यात बनत आली आहेत. कारखाना १८६९ सालचा, आता म्युनिशन्स इंडिया लिमिटेड या सरकारी कंपनीखाली. पुंगळीच्या बुडावर ‘केएफ’ असा शिक्का असतो, त्यातला ‘के’ म्हणजे किरकी, खडकीचं इंग्रजांनी केलेलं रूप.

निवडणुकीच्या आचारसंहितेत परवानाधारकांना आपल्या बंदुका ठाण्यात जमा करायला सांगितलं जातं. लोकसभा, विधानसभा, मग स्थानिक संस्था, असं वर्षा-दोन वर्षांत दोन-तीनदा होतं. जमा करताना काही जण बोल्ट वेगळा काढून देतात. परत घेताना पावतीवर बंदुकीचा क्रमांक तपासला जातो, बोल्टवरचा क्रमांक क्वचितच कुणी बघतो. एकाच ठाण्यात चार ३१५ जमा असतील तर ही नजर टाकायला अर्धा मिनिट लागतो आणि ती टाकायलाच हवी. दोन्ही क्रमांक जुळत नसतील तर तिथेच सांगायचं, घरी नेऊन ‘चालतंय का’ ते बघायचं नाही.

एसएलआर या पोलिसांच्या आणखी एका ओळखीच्या रायफलीत उपाय वेगळा आहे. तिचा बोल्ट मागच्या बाजूला तिरका खाली झुकून एका आडव्या पोलादी तुकड्यावर टेकतो. हे तुकडे बारीक फरकाच्या अनेक मापांत येतात आणि फट त्यातला योग्य तुकडा निवडून जुळवली जाते. पुण्याच्या पाषाण भागातल्या आयुध संशोधन संस्थेत आखलेल्या इन्सासमध्ये मात्र बोल्ट पुढे फिरून अडकतो.

आणि एआरमध्ये? तिथे बोल्टचे दात नळीच्या मागे जोडलेल्या एका पोलादी कड्यात फिरून अडकतात. ते कडं कारखान्यातच नळीवर पिळून पिनने पक्कं केलेलं असतं. म्हणून बाहेरची ॲल्युमिनियमची चौकट कोणतीही असो, हेडस्पेस फक्त नळी आणि बोल्ट या दोघांतच ठरतं. जोडणाऱ्याला ते बदलता येत नाही, फक्त तपासता येतं. नळी एका कंपनीची, बोल्ट दुसरीचा, दोन्ही आपापल्या जागी मापात, पण एकत्र आले की मापाबाहेर, असं होऊ शकतं. त्यात सामीच्या पॉइंट २२३ ची आणि लष्करी ५.५६ ची कमाल मर्यादा एकच नाही, त्यामुळे कोणत्या मापाचं गेज वापरलं यावरही निकाल बदलतो. नो-गोवर बोल्ट बंद झाला तर उपाय एकच, दुसरा बोल्ट किंवा दुसरी नळी.

ज्या हत्यारात ही जुळवणी खुद्द सैनिकानेच दर वेळी करायची होती, त्याचं उदाहरण अमेरिकेच्या एम-२ ब्राउनिंग मशीनगनचं. १९३० च्या दशकापासून वापरात. नळी बदलली की ती पिळून आत घ्यायची, मग ठरावीक खटके मागे सोडायची आणि गेज लावायचं. दमलेल्या, घाईतल्या माणसाकडून चूक झाली की पुंगळी फाटायची, कधी मशीनगनच. या चुकांत सैनिक जखमी होत राहिले आणि शेवटी २०१० नंतर ठरावीक हेडस्पेसची, जुळवणीची गरज नसलेली सुधारित आवृत्ती आली. प्रशिक्षित सैन्याला हे माणसाच्या हातातून काढून घ्यावंसं वाटलं, ही गोष्ट व्हिडिओ बघताना आठवायला हरकत नाही.

बाराबोर, जागल आणि गोठा

हदगाव पैनगंगेच्या काठचा तालुका. पलीकडे उमरखेड, खाली हिमायतनगर आणि किनवटचं जंगल. सोयाबीन, कापूस, हळद, केळी. रानडुकरं आणि रोही इथल्या शेतकऱ्याला नवीन नाहीत. रात्री मचाणावर बसून जागल करणं हे दिवसाच्या कामाइतकंच नेमाचं. वन्यप्राण्यावर गोळी झाडायला वनविभागाची परवानगी लागते. बंदुकीचा परवाना हातात आहे म्हणून ती आपोआप मिळत नाही.

१९५९ च्या शस्त्र कायद्याच्या कलम १३ मध्ये पीक संरक्षणासाठी ठासणीच्या बंदुकीचा उल्लेख आहे, आणि ती पुरेशी नाही असं परवाना देणाऱ्या अधिकाऱ्याला पटलं तर गुळगुळीत नळीच्या दुसऱ्या बंदुकीचा. म्हणजे व्यवहारात बाराबोर, एकनळी किंवा दुनळी. ग्रामीण नांदेडमध्ये हा अधिकार जिल्हाधिकाऱ्यांकडे असतो.

बाराबोरमध्ये दाब रायफलीच्या मानाने बराच कमी, ठरावीक युरोपीय मानकात कमाल ७४० बार. म्हणून तिथे हेडस्पेसची चूक लगेच अंगावर येत नाही. पण बिजागरीवर मोडणारी बंदूक वर्षानुवर्षं उघडून मिटून सैल होते. नळी बंद केल्यावर मागच्या भिंतीला घट्ट टेकत नाही. बंदूक रिकामी करून, उघडून, दोन्ही नळ्यांतून पाहून खात्री केल्यावर मिटायची आणि उजेडासमोर आडवी धरायची. नळी आणि मागची भिंत यांच्यामधून उजेडाची रेघ दिसली, किंवा दस्ता धरून हलवल्यावर खडखड जाणवली, तर बंदूक परवानाधारक कारागिराकडे न्यायची वेळ झाली. तिची बिजागरी घासून भरून घेता येते. बाजूला पत्र्याची पट्टी घालून घट्ट करण्याचा जुगाड काही ठिकाणी चालतो, त्याने खडखड थांबते, फट तशीच राहते.

इथे आणखी एक गोष्ट, जी हेडस्पेसची नाही पण पुंगळी फाटण्याचीच आहे. ब्रिटिश लष्कराला भारतात असं दिसलं होतं की पावसाळ्यात साठवलेली पितळेची काडतुसं न उडवताच तडकतात. कारण सापडलं ते तबेल्यात. घोड्यांच्या मुतातला अमोनिया दमट हवेत पितळेवर बसतो आणि आधीच ताणात असलेल्या धातूला चिरा पाडतो. पावसाळ्यात तडकतं म्हणून इंग्रजीत या प्रकाराला ऋतूवरूनच नाव पडलं, आणि १९२० च्या दशकाच्या सुरुवातीला त्याचं शास्त्रीय स्पष्टीकरण प्रसिद्ध झालं. शेतातल्या आखाड्यावर काडतुसांची पेटी गोठ्याच्या आढ्याला टांगून ठेवणाऱ्यांनी ती खाली उतरवावी. युरियाच्या पोत्यांची खोलीही त्यासाठी बरी नाही.

कायदा नेमकं काय म्हणतो?

अमेरिकेत एआर-१५ चा खालचा भाग, ज्यावर क्रमांक असतो, तोच कायद्याने ‘बंदूक’ आहे. अप्पर, नळी, बोल्ट हे सुटे भाग संघराज्याच्या कायद्यानुसार परवान्याशिवाय विकत घेता येतात. म्हणूनच ते व्हिडिओ इतके मोकळे असतात.

भारतात व्याख्याच वेगळी आहे. शस्त्र कायद्याच्या कलम २ मध्ये बंदुकीचे सुटे भाग आणि बंदूक बनवायची यंत्रसामग्री हेही ‘अग्निशस्त्र’ या शब्दातच मोडतात. एकटी नळी किंवा एकटा बोल्ट विनापरवाना बाळगला तरी तो शस्त्र बाळगण्याचा प्रकार. कलम ५ तर बनवणं, रूपांतर करणं, दुरुस्ती करणं, एवढंच काय चाचणी घेणं, या सगळ्याला परवाना मागतं. २०१९ च्या दुरुस्तीनंतर या कलमाच्या उल्लंघनाला किमान ७ वर्षं आणि जास्तीत जास्त जन्मठेप अशी शिक्षा आहे. त्याच दुरुस्तीने एका माणसाजवळच्या बंदुकांची मर्यादा ३ वरून २ केली, परवान्याची मुदत ३ वरून ५ वर्षं केली, आणि लग्नात-मिरवणुकीत हवेत गोळ्या झाडून इतरांचा जीव धोक्यात घालणाऱ्याला २ वर्षांपर्यंत कैद किंवा १ लाख रुपयांपर्यंत दंड, किंवा दोन्ही, असं ठरवलं.

मग परवानाधारकाने स्वतः काय करायचं? साफ करणं, तेल देणं, गंज बघणं, क्रमांक जुळवणं, रिकाम्या पुंगळीवर रेघ आहे का ते पाहणं. दसऱ्याला शस्त्रपूजेसाठी बंदूक बाहेर निघतेच, त्या दिवशी हे सगळं दहा मिनिटांत होतं. गेज लावणं, बोल्टचं डोकं बदलणं, नळीला हात लावणं, हे दुरुस्तीचा परवाना असलेल्या कारागिराचं काम. नांदेडला किंवा छत्रपती संभाजीनगरला नेताना परवाना सोबत, बंदूक रिकामी आणि काडतुसं वेगळी.

गावठी कट्ट्यांच्या बातम्या मराठी वर्तमानपत्रांत जवळपास रोज असतात, त्यात महाराष्ट्र-मध्य प्रदेश सीमेवरच्या उमर्टीचं नाव वारंवार येतं. कट्टा म्हणजे साध्या पाइपची नळी, अंदाजाने ठेवलेलं चेंबर आणि गेज नावाची वस्तू कधी न बघितलेला कारागीर. त्यात ३१५ चं काडतूस घातलं तर ते कारखान्यातल्या रायफलीसाठी बनवलेला दाबच निर्माण करतं. काडतुसाला आपण कशात आहोत हे कळत नाही. असा कट्टा फुटतो तेव्हा जखमा बहुतेक वेळा धरणाऱ्याच्याच हाताला आणि चेहऱ्याला होतात.

बंदूक बाजारात येण्याआधी तिची दाबचाचणी व्हावी, ही पद्धत जुनी आहे. लंडनच्या बंदूक कारागिरांच्या संघाला १६३७ साली सनद मिळाली तेव्हापासून नळीवर चाचणीचा शिक्का मारण्याचा प्रघात पडला, बर्मिंगहॅमचं प्रूफ हाउस १८१३ चं. नेहमीपेक्षा जास्त दाबाचं काडतूस दूर उभं राहून उडवायचं, मग माप पुन्हा तपासायचं, टिकली तर शिक्का. घरातल्या आजोबांच्या बाराबोरवर नळीखाली मुकुटासारखी बारीक चिन्हं असतात, ती बहुधा हीच. तो शिक्का बंदूक नवी होती त्या दिवसाचा आहे. त्यानंतर किती काडतुसं उडाली आणि बिजागरी किती झिजली, ते त्यावरून कळत नाही. त्यासाठी ती परवानाधारक कारागिराकडेच न्यावी लागते.